भाकर पचते का त्याले?

"भाकर पचते का त्याले?"

अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्यावर सकाळी हा प्रश्न कानावर पडला नाही असा महिना जात नाही. विचारणारा नेहमी नवा असतो. हातात नवीकोरी साखळी, साखळीच्या टोकाला अडीच-तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉर, आणि चेहऱ्यावर पहिलटकरणीच्या नवऱ्याची काळजी. उत्तर द्यायला चौघं असतात आणि उत्तरं निदान पाच निघतात. ब्रूनोचे काका एसटीतून रिटायर झालेले. ते म्हणतात, "आमच्या आबाची कुत्री भाकरीवरच वाढली ना बापा, कोणाले काय झालं?" मोतीच्या वहिनी बँकेत आहेत, मोती पग आहे, आणि दोघींचाही विश्वास पाकिटातल्या खाद्यावर. टायगरचा दादा कॉलेजात जातो. तो मोबाइल काढतो. मी बिजलीची मम्मी. बिजली गावरान आहे, तिला विचारलं तर ती भाकर, पाकीट आणि मोबाइलचं कव्हर तिन्ही खाईल.

सहा वर्षं आम्ही रोज भेटतो, पण काकांचं आडनाव मला ठाऊक नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर "ब्रूनो लॅब काका" असा आहे. मागच्या वर्षी त्यांच्याकडून लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर लिहिलं होतं, "बिजली परिवार, सप्रेम."

तर भाकर. या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेले आणि पार लांडग्यापर्यंत पोहोचले. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे घेऊन त्यांचे जनुक शेजारी शेजारी मांडले. ज्वारी, गहू, तांदूळ यांतलं पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ती तोडायला अमायलेज नावाचं विकर लागतं. ते बनवण्याच्या कृतीच्या लांडग्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. कुत्र्यात त्यांना ४ पासून ३० पर्यंत प्रती सापडल्या. लांडग्याच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला दोघी बसल्या असतील तर कुत्र्याच्या घरी लग्नघर भरावं तशा बायका विळ्या घेऊन बसलेल्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडात या जनुकाचं काम लांडग्याच्या २८ पट जोरात चालतं, असंही दिसलं.

म्हणजे माणूस शेती करायला लागला, उकिरड्यावर धान्याचं उरलंसुरलं पडायला लागलं, आणि ज्या कुत्र्याला ते पचलं त्याचा वंश वाढला. रोमानियात सापडलेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याच्या हाडांतही या प्रती वाढलेल्या आढळल्या आहेत. आपण भाकर घास घास चावतो, ती तोंडात गोडसर लागते, कारण आपलं अमायलेज लाळेतच कामाला लागतं. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतं. त्याचं सगळं काम पोटात उतरल्यावर. म्हणून बिजली अर्धी भाकर न चावता गिळते तेव्हा तिच्या मागे "हळू खा वो" म्हणून लागण्यात काही अर्थ नाही, ठसका लागण्याची भीती सोडली तर.

काकांचे आबा बरोबर होते. नुसत्या भाकरीवर कुत्र्याचं भागत नाही, अंडं-मांस किंवा दुसरं प्रथिन लागतंच, ही वहिनींची बाजूही खरी. आणि हस्की पाळणाऱ्यांनी काकांचं फार मनावर घेऊ नये. शेती नसलेल्या बर्फाळ मुलखातून आलेल्या या कुत्र्यात त्या प्रती दोन-चारच असतात. आमच्याकडे हस्की पाळायचं खूळ आलंय खरं. अमरावतीच्या मे महिन्यात हस्की, यावर मी काही बोलत नाही.

भाकरीपेक्षा भाकरीसोबत काय जातं त्याची भीती जास्त. झुणक्यातला कांदा हे पहिलं. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी आतून करपतात आणि फुटतात. कांदा शिजवला, तळला, वाळवला तरी तो गुण जात नाही. दुसरं चिंच. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात हे पशुवैद्यांना वीसेक वर्षांपासून माहीत होतं, पण द्राक्षात नेमकं काय ते सापडत नव्हतं. मग अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रात एका कुत्र्याची केस आली. त्याने मुलांसाठी घरी मळलेली खेळायची माती खाल्ली होती, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षांची. त्या मातीत केकच्या सामानातलं क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षात हेच आम्ल भरपूर असतं. २०२१ मध्ये तिथल्या पशुवैद्यांनी हा संशय छापून मांडला, आणि पुढच्या लेखात चिंच खाऊन आजारी पडलेले कुत्रेही आले. चिंच-गुळाच्या आमटीत भाकर कुस्करून वाढणाऱ्या आमच्या मुलखाने ही गोष्ट ध्यानात धरावी.

नव्या माणसाला दुसरा सल्ला मिळतो तो दटावणीच्या सुरात: "लसी झाल्याशिवाय त्याले खाली ठेवू नका." हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की त्यामागचा थरार कोणाला जाणवत नाही. पार्व्हो हा विषाणू १९७८ पर्यंत जगाला ठाऊकच नव्हता. मांजरांच्या एका विषाणूशी अगदी जवळचं त्याचं नातं. त्यात थोडा बदल झाला, तो कुत्र्यात शिरला, आणि दोनेक वर्षांत साऱ्या जगात पोहोचला. विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तिथे महिनोन् महिने तग धरतो, बुटाच्या तळव्याला चिकटून घरात येतो. फिनाईलला तो दाद देत नाही, ब्लीचिंगला देतो. पन्नासेक वर्षांचं वय असलेल्या आजाराबद्दलचा हा सल्ला कट्ट्यावर असा दिला जातो, जणू पंजोबांपासून चालत आलाय.

आता पंजोबांच्या काळचा एक: रात्री कुत्रं बाहेर बांधू नये. वडाळीकडून पोहरा-मालखेडचं जंगल शहराला अगदी टेकलेलं आहे आणि तिथे बिबट आहे, म्हणून आमची मंडळी हिवाळ्यात फटफटल्याशिवाय निघत नाहीत. बिबट्याला कुत्रं किती आवडतं याचा हिशेब २०१४ मध्ये छापून आला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा गोळा करून त्यातले केस तपासले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. (हे अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आमच्या अकोल्याची माणसं हा आकडा ऐकून आधी दचकतात, मग रागावतात.)

चालता चालता कुत्री थांबतात, आणि का थांबतात ते सगळ्यांना माहीत असतं. पूर्वी कोणी उचलत नसे. एका सकाळी काकांनी खिशातून पिशवी काढली, वाकले, आणि म्हणाले, "गाडगेबाबाच्या जिल्ह्यात राहतो आपण, थोडी तरी लाज पायजे." बाबांचं शेंडगाव याच जिल्ह्यातलं, त्यांची समाधीही अमरावतीत. त्यानंतर पिशवी नसलेला माणूस आमच्यात गप्प गप्प चालतो.

या थांबण्यातही एक गंमत दडलेली आहे. चेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं ७० कुत्र्यांच्या मागे होकायंत्र घेऊन फिरून शी करताना कुत्र्याचं तोंड कुठल्या दिशेला असतं याच्या १,८९३ नोंदी केल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल त्या वेळी कुत्री आपलं अंग उत्तर-दक्षिण धरतात, असं त्यांना दिसलं. क्षेत्रात चलबिचल असली की काही नाही. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी त्यांना इग-नोबेल मिळालं, जे आधी हसवतं आणि मग विचारात पाडतं. टायगरच्या दादाने आणि मी पंधरा दिवस मोबाइलचं होकायंत्र उघडून बघितलं. बिजली तोंड नेहमी सामोशाच्या गाडीकडे करते. गाडी ईशान्येला आहे.

माणसं एकमेकांशी बोलायला लागतात ती कुत्र्यामुळे, हे सांगायला संशोधक कशाला, असं वाटेल. पण ते मोजून बघितलं गेलं. इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कोलिस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाला कधी नीटनेटक्या कपड्यांत, कधी गबाळ्या कपड्यांत, कधी कुत्र्यासह आणि कधी एकटं रस्त्यावर पाठवलं, आणि किती लोक बोलले ते टिपलं. कुत्रं बरोबर असलं की बोलणारे कितीतरी वाढले, आणि कपड्यांनी पडणारा फरक कुत्र्याने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ ठरला. आमच्यात तर एक गृहस्थ चक्क लुंगीवर येतात. तीन नातवंडांनंतर त्यांच्या घरी पामेरियन आलं, आणि त्या घरातली सून सासऱ्यांशी आता पामेरियनमार्फत बोलते: "स्नोवी, आबांना सांग, चहा झाला."

कुत्री एकमेकांशी काय बोलतात ते मात्र शेपटाकडे बघून कळतं, असा आमचा समज होता. शेपूट हललं म्हणजे खूश. इटलीतल्या बारी आणि त्रिएस्ते विद्यापीठांतल्या तिघांनी २००७ साली हा समज मोडला. त्यांनी ३० पाळीव कुत्र्यांना एकेक करून खोक्यासारख्या जागेत ठेवलं, समोर कधी मालक, कधी अनोळखी माणूस, कधी मांजर, कधी अनोळखी दांडगा कुत्रा आणला आणि वरून कॅमेऱ्याने शेपूट टिपलं. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलायचं. दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो, आणि पुढे व्हावंसं वाटणं त्या भागात. मागे सरावंसं वाटणं दुसऱ्या भागात. नुसत्या डोळ्यांना हे पटकन दिसत नाही, पण कुत्र्याच्या बरोबर मागे उभं राहून फोनवर शूटिंग करावं आणि हळू करून बघावं. ब्रूनो टायगरला बघतो तेव्हाचं मी करून बघितलं. डावीकडे, आणि चांगलंच. ब्रूनो ३४ किलोचा गोगलगाय, टायगर जर्मन शेफर्ड, आणि दोघांचं पहिल्या दिवसापासून हाडवैर. काका आणि दादा त्यांना रस्त्याच्या दोन कडांनी चालवतात आणि मधल्या अंतरावरून एकमेकांशी मोठ्याने बोलतात.

मार्च उलटला की सगळ्या गप्पा उन्हावर येतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं ही बातमी नाही, आणि अशा हवेत अंगभर केस असलेला आणि तळपायाखेरीज कुठे घाम न येणारा प्राणी जगतो कसा, हा मला अजूनही चमत्कार वाटतो. उत्तर सगळ्यांसमोर लोंबत असतं: जीभ. पण जीभ ही अर्धीच गोष्ट.

आपला कूलर डोळ्यांसमोर आणा. पंप पाणी वर चढवतो, ते खसच्या ताट्यांवरून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढतो, पाण्याची वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि गार हवा दुसऱ्या बाजूने निघते. कुत्र्याच्या डोक्यात हेच यंत्र बसवलेलं आहे. नाकाच्या आत कागदाच्या सुरळ्यांसारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलं अस्तर, ती ताटी. अस्तर ओलं ठेवायला नाकाच्या कडेला एक ग्रंथी असते, हवा तापली की तिचा स्राव वाढतो, तो पंप. धापा टाकताना कुत्रं हवा मुख्यतः नाकातून आत घेतं आणि तोंडातून बाहेर सोडतं, हे १९७० मध्ये क्नुट श्मिट-नीलसन यांच्या गटाने दाखवलं. हवा एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर. तापलेली, ओली हवा परत त्याच ताटीतून फिरली असती तर गेलेली उष्णता तिथेच परत आली असती.

मग पंखा. स्वस्थ बसलेलं कुत्रं मिनिटाला वीस-तीस श्वास घेतं. धापा टाकायला लागलं की ते एकदम तीनशेच्या आसपास पोहोचतं. मधले वेग ते जवळजवळ वापरतच नाही. आता मिनिटाला तीनशे वेळा छाती हलवायची म्हणजे स्नायूंची केवढी मेहनत, आणि मेहनत म्हणजे आणखी उष्णता. यात त्याचा फायदा काय? १९६२ साली क्रॉफर्ड यांनी याचं उत्तर दिलं. प्रत्येक पाळण्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीत बोटाने ढकललं तरी तो झुलत राहतो, लय सोडून ढकललं तर दोन्ही हात दुखतात. कुत्र्याची छाती, फुप्फुसं आणि छातीखालचा पडदा मिळून असाच एक पाळणा होतो, आणि त्याची स्वतःची लय मोजली तर सेकंदाला पाचच्या थोडी वर निघते, म्हणजे मिनिटाला तीनशे-सव्वातीनशे. कुत्रं धापा टाकतं ते नेमकं याच लयीत. बिजली दुपारी कूलरसमोर पसरते तेव्हा मी घड्याळ लावून तिच्या बरगड्या मोजायचा प्रयत्न केला. मोजता येत नाहीत. फोनवर शूटिंग करून मोजल्या तेव्हा दहा सेकंदांत एक्कावन्न.

कूलर कुठे हार खातो ते वऱ्हाडात लहान पोरालाही माहीत आहे. मृगाचा एखादा पाऊस पडून हवा दमट झाली की पंप चालू, पंखा चालू, आणि घरात नुसती चिकचिक. कुत्र्याचंही तेच. भर मे महिन्यात सावलीत आणि पाण्याजवळ तगलेलं कुत्रं जूनच्या उकाड्यात ३५ अंशांना कोसळू शकतं, आणि लोक म्हणतात, "आता तर ऊन बी नव्हतं!" मोतीसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याच्या यंत्रात तर ताट्याच चुरगाळून कोंबलेल्या. वहिनी तिला एप्रिलपासून पहाटे पाचलाच फिरवून आणतात आणि कोणी हसलं तर ऐकून घेत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

उन्हाळी सल्ल्यांत खोटी नाणीही बरीच. अंग गरम लागलं की ताप आला, हे एक. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ज्या आकड्यावर सुट्टी मिळते त्यावर ते बॉलच्या मागे धावतं. या समजापायी कोणी क्रोसिन देऊन बसतं आणि ते मात्र कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात केस सफाचट करणं हे दुसरं. शेफर्ड, पामेरियन यांच्या दुहेरी केसांत अडकलेली हवा ऊनही अडवते. तिसरं फार पसरलेलं: उन्हाने पडलेल्या कुत्र्यावर ओला टॉवेल पांघरा आणि दवाखान्यात पळवा. पांघरलेला टॉवेल थोड्या वेळात तापतो आणि गोधडीचं काम करतो. सावलीत घ्या, अंगावर सरळ पाणी ओता, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, आणि मग निघा. आधी गार, मग गाडी, असं पशुवैद्य आता सांगतात.

आणि डांबर. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली, याचा आम्हाला अभिमान आहेच. पण मे महिन्याच्या दुपारी काळं डांबर साठ अंशांच्या वर सहज जातं. आमच्यात नियम सोपा आहे: पंजा उलटा करून हाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्यालाही उतरवू नका.

पाऊस सरता सरता गोचीड. आमच्याकडे कुत्र्यावर दिसते ती बहुतेक तपकिरी गोचीड, आणि तिचं आयुष्य एखाद्या रहस्यकथेसारखं आहे. ती तीनदा जेवते: अळी असताना, मधल्या अवस्थेत आणि वाढल्यावर. प्रत्येक जेवणानंतर कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते, फटीत बसून कात टाकते आणि पुन्हा कुत्र्याची वाट बघते. मादी शेवटचं जेवण झालं की चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. म्हणून कानामागून दहा गोचिडी काढून डबीत टाकल्या की आपण जिंकलो असं वाटतं, तेव्हा उरलेली फौज खिडकीच्या चौकटीमागे असते. गोचिडीला नाक नसतं. वास घेण्याचं इंद्रिय तिच्या पुढच्या पायांच्या टोकाशी असतं, म्हणून ती पुढचे दोन पाय वर उचलून, हात जोडल्यासारखी बसते आणि आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगते. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक प्रयोग सांगितला. एका खोक्यात माणूस, दुसऱ्यात कुत्रा, मध्ये गोचिडी सोडलेली नळी. हवा २३ अंशांवर असताना गोचिडी कुत्र्याकडे जायच्या, ३८ अंशांवर माणसाकडे जाणाऱ्या वाढल्या. वऱ्हाडात ३८ अंश म्हणजे बरी हवा.

"रॉकेल लावा, आपोआप सुटते," हा सल्ला कृपा करून मोडीत काढा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बस. तिच्या थुंकीतून एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात जातो आणि पांढऱ्या पेशींत घर करतो. रक्त गोठवणाऱ्या चकत्या कमी होतात. कुत्रं जेवण सोडतं, मलूल होतं, एक दिवस नाकातून रक्त. वेळेवर लक्षात आलं तर महिनाभराच्या डॉक्सिसायक्लिनने बरं होतं.

टायगरचं वेळेवर लक्षात आलं नाही. परवाच्या ऑक्टोबरात तीन दिवस तो फिरायला दिसला नाही, चौथ्या दिवशी रात्री दहाला दादाचा मला फोन: "ताई, याच्या हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या. डॉक्टर म्हणते रक्त चढवा लागते, अकोल्याले होईल. मोठा कुत्रा पायजे द्यायला." वऱ्हाडातल्या जनावरांच्या डॉक्टरकीचं मोठं ठाणं अकोलाच, स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था तिथे आहे आणि इकडचे कितीतरी डॉक्टर तिथूनच शिकून बाहेर पडलेले. टायगर निघाला होता तो अशाच एका डॉक्टरच्या खासगी दवाखान्याकडे. मोठा कुत्रा म्हणजे पंचवीस किलोच्या वरचा, तरणा, लसी झालेला, गोचीड नसलेला. मी काकांना फोन लावला. वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते म्हणाले, "ब्रूनोले गाडीत टाकतो, तू खाली ये."

एसटीतली तीस वर्षं त्या रात्री कामी आली. गिनेसचा रस्ता रिकामा होता. मागच्या सीटवर ब्रूनो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता आणि काका आरशात बघत विचारत होते, "पण गट जुळन का त्याचा? माणसाचं तर जुळा लागते ना?"

जुळावं लागतं, पण कुत्र्याच्या बाबतीत पहिल्या वेळेला निसर्ग सवलत देतो. आपल्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिपिंडं लहानपणापासून तयार असतात, म्हणून चुकीच्या गटाची बाटली पहिल्याच वेळी जीव घेऊ शकते. कुत्र्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गटाविरुद्ध अशी आयती प्रतिपिंडं नसतात. ती पहिल्या परक्या रक्तानंतर तयार होतात. त्यामुळे पहिली पिशवी बहुधा निभावते. दुसऱ्या वेळी मात्र तपासल्याशिवाय सुई लावायची नाही. माणूस रक्त चढवायला शिकला तोही कुत्र्यांवरच. १६६५-६६ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचं रक्त नळीने दुसऱ्या कुत्र्यात सोडलं आणि मरायला टेकलेला दुसरा कुत्रा उठून उभा राहिला. रक्तगट नावाची चीज कळायला तिथून पुढे सुमारे दोनशे पस्तीस वर्षं लागायची होती. ही सवलत नसती तर त्यांचा प्रयोग तिथेच फसला असता.

डॉक्टरांनी तरीही दोघांच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून, गुठळी होत नाही ना ते बघितलं. ब्रूनोच्या गळ्यावरचे केस तळहाताएवढे भादरले, त्याला कुशीवर निजवला. काका त्याच्या तोंडाशी पार्ले-जी धरून बसले आणि साडेचारशे मिलिलिटरची पिशवी हळूहळू भरली. बारा बिस्किटं लागली. शेजारच्या टेबलावर टायगर डोळेही उघडत नव्हता. पिशवीचं रक्त थेंब थेंब जायला लागलं, पहाटे चारला त्याच्या हिरड्यांवर गुलाबी रंग आला, आणि दादा बाहेर ओट्यावर जाऊन रडला. काकांनी त्याला चहा आणून दिला. तेव्हा दादाने विचारलं, "काका, तुमचं नाव काय हाये?" काकांनी सांगितलं. मी नेमकी आत होते.

तीन आठवड्यांनी टायगर फिरायला आला. वाळला होता, पुढच्या पायावर सलाइनपुरते केस भादरलेले. ब्रूनोच्या गळ्यावरचा चौकोन भरत आला होता. आम्ही सगळे थांबलो. लुंगीवाल्या आबांनीही फोन काढला. काका आणि दादा पहिल्यांदाच रस्त्याच्या एका कडेला आले, साखळ्या आखूड धरून. ब्रूनोने नाक पुढे केलं, टायगरच्या मानेपाशी हुंगलं, पुष्कळ वेळ हुंगलं. शेपूट हलायला लागलं. मी बरोबर मागे उभी होते.

घरी जाऊन हळू करून बघितलं. डावीकडेच होतं.